मनूला असोद्याला पोचवताना

नाशिकहून धुळ्याला जाणारी एस.टी. सुटली तेव्हा मनू माझ्या मांडीवर उभी होती. खिडकीचे गज धरून ती स्टँडवरच्या दिसेल त्या माणसाला टाटा करत होती. तिला निरोप द्यायला तिथे कोणीच आलेलं नव्हतं. तिची आई, म्हणजे माझी बायको सुलभा, घरी पलंगावर होती. दुसऱ्या बाळंतपणाचा पाचवा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला उठून बसायलाही मनाई केली होती. सुलभाची आई मदतीला आली होती, पण पावणेदोन वर्षांच्या पोरीला मनाई कळत नाही. मनू पलंगावर चढायची, खिदळत आईच्या पोटावर झेप घ्यायची. एकदा सुलभा कळवळून ओरडली, आणि त्यानंतर आमच्या घरात कोणी धड झोपलं नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, जळगावजवळच्या असोद्याला दिलेली. तिचं घर शेतकऱ्याचं, केळी आणि कापसाचं. बाळंतपण होईपर्यंत मनूला माझ्याकडे आणून सोड, असं तिने आधीच कळवलं होतं. 'आणून सोड' हे शब्द मला बोचत होते. सोडायला ती काय पिशवी होती? पण दुसरा मार्गही दिसत नव्हता. म्हणून रजा काढून, एका खांद्यावर कपड्यांची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर उकळलेल्या पाण्याचा थर्मास आणि कडेवर मनू असा मी निघालो होतो.

मालेगाव मागे पडलं तशी हवा कोरडी होत गेली. फाल्गुनाचे दिवस, पण ऊन आताच डोळ्यांवर येत होतं. मनू घटकेत झोपायची, घटकेत उठायची. ती झोपली की ती श्वास घेते आहे ना हे मी बघायचो, आणि जागी झाली की खिडकीतून तिचा हात बाहेर जातोय का हे बघायचो.

धुळ्यात माझं लहानपण गेलं. आता तिथे आमचं घर नाही, पण पायांना रस्ते माहीत आहेत. जळगावची गाडी दुपारनंतर होती. स्टँडवरच्या गर्दीत मनू किरकिर करायला लागली, म्हणून तिला घेऊन मी पांझरेच्या पात्राकडे गेलो. नदीत पाण्याच्या दोन बारीक धारा, बाकी सगळी वाळू. पात्रात वेलींचे हिरवे पट्टे दिसत होते, डांगरांचे (खरबुजांचे). एका पट्ट्याच्या कडेला पालाची सावली करून एक म्हातारी बसली होती. मी तिच्या सावलीला उभा राहिलो. मनू खाली वाकून वाकून वाळूकडे झेपावत होती आणि मी तिला वर ओढत होतो.

म्हातारीने थोडा वेळ हा प्रकार पाहिला. मग म्हणाली, "पोरनी माय कोठे शे, भाऊ?"

"नाशिकले शे. आजारी शे," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी अहिराणी तोंडातून आली आणि माझं मलाच बरं वाटलं.

"मंग इले खाले सोड ना. वाळू काय तिले खाई जाई?"

"वाळू गरम आहे. आणि ती तोंडात घालते."

"घालू दे. बठ्ठा पोरे याच वाळूमा मोठा व्हयनात." (बठ्ठा म्हणजे सगळे.)

मी सावलीतली वाळू हाताने चाचपून पाहिली आणि मनूला खाली ठेवलं. ती आधी काहीच करेना, पावलं आखडून उभी राहिली. मग फतकल मारून बसली. मूठभर वाळू उचलली, वर धरली, आणि बोटांतून ती गळून गेलेली पाहून रिकाम्या मुठीकडे बघत राहिली. पुन्हा उचलली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा तिने दुसरा हात खाली धरला. माझं लक्ष मात्र तिच्या तोंडाकडे होतं. एकदा मी बोट घालून तिच्या ओठांवरचे कण काढले, तेव्हा तिने चिडून माझा हात झटकला.

म्हातारीने एक डांगर फोडून त्याची फोड तिच्या हातात दिली. "ले माय, खाय." मनूने ती वाळूत बुडवली आणि खाल्ली. थर्मासातल्या उकळलेल्या पाण्याचा आता काय उपयोग, असा विचार माझ्या मनात आला. निघताना म्हातारीने मनूच्या गालाला हात लावला आणि मला म्हणाली, "तू बस जरासा, भाऊ. येवढा येळ उभाच शे." खरंच, मी बसलोच नव्हतो.

जळगावच्या गाडीत पारोळ्याच्या पुढे मनूने पायातली एक चप्पल काढली आणि खिडकीतून बाहेर टाकली. मी ओरडेपर्यंत चप्पल आणि ती ज्या झाडाखाली पडली ते झाड, दोन्ही मागे गेली होती. कंडक्टर हसून म्हणाला, "साहेब, आता दुसरी पण टाका. ज्याला सापडेल त्याला जोडी तरी होईल." आजूबाजूचे हसले. मनूही हसली. मी दुसरी चप्पल पिशवीत कोंबली. एरंडोलपर्यंत मला उगीचच राग येत राहिला, आणि तो चपलेचा नव्हता.

जळगावला गाडी बदलून असोद्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या, इतक्या दाट की आत अंधार पडलेला. अक्का फाट्यावर येऊन उभी होती. तिने मनूला माझ्याकडून जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि तिच्या अनवाण्या पायांकडे बघून म्हणाली, "हे बरं केलं." मी चपलेची हकिकत सांगायला लागलो, पण तिला त्यात रस नव्हता.

अक्काच्या घराच्या पुढच्या खोलीत कापसाचा ढीग होता. भाव येईपर्यंत तो घरातच ठेवतात. मनू दारात थबकली. अक्काने तिला उचलून सरळ ढिगावर टाकलं. मनू कमरेपर्यंत आत गेली, क्षणभर घाबरली, मग हात मारून पाहिले आणि किंचाळत हसली. मी "नाकात जाईल, नाकात जाईल" म्हणत ढिगाभोवती फिरत होतो. अक्काचे यजमान, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, खाटेवर बसून माझ्याकडे बघत होते. नाना उंच, सावळे आणि फार कमी बोलणारे. ते म्हणाले, "बसा पाहुणे. ते दमली का आपोआप येईन भायेर."

जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडदाच्या पिठाची), ठेचा आणि वरून कच्चं तेल होतं. मनूसाठी मी मऊ भात मागितला. तिने तो ढकलला आणि अक्काच्या ताटातली भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी मनूच्या मागे फिरलो. दुसरं काही केलं नाही. ती कोंबडीमागे गेली, मी तिच्यामागे गेलो. ती गोठ्याच्या दाराशी बसून वासराशी बोलायला लागली, मी वासराच्या आणि तिच्या मध्ये उभा राहिलो. एका जागी ती फार तर दोन घटका रमायची. मुंग्यांची रांग, फुटकं मडकं, पाण्याचा हौद, पुन्हा मुंग्या. माझी मान दुखायला लागली. गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसते, असं अक्काने सांगितलं होतं. मी गच्चीवर गेलो, पण मनूला घेऊन गेलो. तिथे अक्काने आणि शेजारणींनी धोतरावर बिबडे (ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे पापड) वाळत घातले होते. मी रेघ शोधेपर्यंत मनू ओल्या बिबड्यांवरून चालत पलीकडे पोचली होती. प्रत्येक बिबड्यावर एक छोटं पाऊल! मी माफी मागायला लागलो. शेजारीण पदर तोंडाला लावून हसत होती. अक्का म्हणाली, "असू दे. हे तळले का तिलेच खाऊ घालू."

सातपुडा मी पाहिला की नाही, मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी नानांबरोबर आम्ही केळीच्या बागेत गेलो. अक्का घरीच थांबली होती. बागेत गेलं की ऊन संपतं. वर पानांचं छत, खाली ओली काळी माती, आणि ज्या बाजूला बघावं तिकडे सारख्याच खोडांच्या सारख्याच रांगा. वीज नुकतीच आली होती म्हणून नानांनी मोटर सुरू केली. विहिरीतलं पाणी पाटात आलं आणि पाटातून रांगांमधल्या सरीत वळलं. त्या मोटरचा आवाज असा की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे.

मनूला मी केळीच्या बुंध्याशी बसवलं होतं. तिच्या हातात केळफुलाचं गळलेलं जांभळं पान होतं, ती त्यात माती भरत होती. नानांनी मला पिकलेलं केळं दिलं आणि माझ्या परतीच्या गाड्यांबद्दल विचारलं. मी वळून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन उत्तर दिलं. केळं सोललं. परत वळलो तर बुंध्याशी जांभळं पान होतं आणि मनू नव्हती.

आधी मी शेजारच्या रांगेत पाहिलं. मग त्याच्या शेजारच्या. "मनू!" मी ओरडलो, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मग मला विहीर आठवली. तिला कठडा नव्हता. मी कसा धावलो ते सांगता येणार नाही. वाटेत एकदा पडलो, एवढं आठवतं. काठावर पालथा होऊन आत पाहिलं. खाली हिरवं पाणी हलत होतं. ते मोटरमुळे हलत होतं की कशामुळे, हे मला कळत नव्हतं. कपारीतून दोन पारवे फडफडत वर आले. मी पाण्याकडे बघत राहिलो आणि पाणी काही सांगेना.

नाना माझ्या मागोमाग आले होते. त्यांनी एकदा आत पाहिलं आणि मोटरच्या खोलीकडे धावले. इतका उंच, वयस्क माणूस धोतर सावरत धावताना मी पाहिला. तोवर मला वाटत होतं की मीच उगीच घाबरलोय. मोटर बंद झाली. एकदम सगळीकडे शांतता पसरली, फक्त पानांची सळसळ.

"हाका नका मारू," नाना म्हणाले. "ऐका."

आम्ही उभे राहिलो. ते उभं राहणं मी जन्मात विसरणार नाही. मग बागेच्या अगदी दुसऱ्या टोकाकडून, खालच्या अंगाने, रडण्याचा आवाज आला. रडणं नव्हतं ते, तो संताप होता. "पानी! पानी!"

आम्ही रांगा तोडत तिकडे गेलो. एका सरीत मनू गुडघ्यापर्यंत चिखलात उभी होती. समोरच्या कोरड्या मातीकडे बोट करून ती ओरडत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सरीत सोडलेलं पाणी एकदम पुढे जात नाही. त्याचं तोंड हळूहळू सरकतं, वाळलेली पानं ढकलत, भेगांत शिरत, पुन्हा वर येत. मनू त्या पाण्याच्या मागे मागे चालत बागेच्या टोकापर्यंत गेली होती. मोटर बंद झाली, पाणी थांबलं, आणि तिचा खेळ कोणीतरी मोडला म्हणून ती चिडली होती.

मी तिला उचलून छातीशी धरलं. तिने मला लाथा मारल्या. "खाली! खाली!" तिला माझी मिठी नको होती, पाणी हवं होतं. नानांनी कपाळाचा घाम पुसला. ते परत गेले आणि त्यांनी मोटर चालू केली. थोड्या वेळाने सरीतून पाणी आलं, मनूच्या पायाला लागलं आणि पुढे निघालं. तिने टाळ्या वाजवल्या आणि त्याच्यामागे चालायला लागली. मी तिथेच चिखलात बसलो.

घरी आल्यावर मी अक्काला सांगितलं, "उद्या मी हिला परत घेऊन जातो."

अक्का चुलीपुढे होती. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि मगच बोलली. "ने बापा. तुही पोर हाये. पन घरी नेऊन ठेवशीन कोठी? सुलभाच्या पोटावर?"

 मी रागाने बाहेर आलो आणि अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो. आत मनू अक्काच्या पाठीवर लोंबकळत होती. खरं सांगायचं तर माझा जीव दोन्हीकडे टांगला होता. इथे असलो की वाटे, तिकडे सुलभाचं काय चाललं असेल. आणि तिकडे गेल्यावर ही विहीर माझ्या डोळ्यांपुढून हटणार नव्हती.

नाना माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "तुम्ही घाबरले, तसा मी बी घाबरलो," ते म्हणाले. "उद्या वहिरीले कुंपन करू. मंग ठरवा."

पुढचे दोन दिवस मी आणि नानांनी विहिरीभोवती काम केलं. बांधावरच्या बाभळी तोडल्या, खांब पुरले, तार ओढली, तारेत काटेरी फांद्या गुंफल्या. कचेरीत खुर्चीवर बसणारा मी, माझे तळहात सोलून निघाले. पण नाशिक सोडल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली. मनूला अक्काने बागेत आणलं होतं. तिच्या पायांत आता वाळे होते, अक्काच्या सासरी गेलेल्या मुलीचे, पेटीतून काढलेले. आम्ही काम करत होतो आणि वाळ्यांचा आवाज कधी जवळून, कधी लांबून येत होता. तो थांबला की माझा हात थांबायचा. मग अक्काचा आवाज यायचा, "हाये रे, हाये!"

कुंपण झाल्यावर मी चारी बाजूंनी हलवून पाहिलं. मग लहान मूल खालून घुसू शकतं का ते पाहायला जमिनीवर आडवा झालो. मनूला वाटलं, हा नवा खेळ. तीही माझ्याशेजारी आडवी झाली आणि तिने माझ्या कपाळाला चिखल लावला. मी पुसला नाही.

निघायच्या सकाळी अक्का म्हणाली, "ते झोपेल हाये तोवर निघ. जागी झाली तर जाऊ देनार नाही." मला ते पटेना. डोळे उघडल्यावर तिने मला घरभर शोधावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी थांबलो. मनू उठली, दूध प्यायली आणि अंगणात जाऊन एका डब्यात माती भरायला लागली.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "मनू, बाबा जातो. आईकडे जातो. मग आईला घेऊन येतो."

तिने डबा उपडा केला. माती जराशी उभी राहिली आणि ढासळली. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं, आणि म्हणाली, "जा."

मी अजून थोडा वेळ बसलो. मग उठलो. वळणावर जाऊन थांबलो, परत आलो, दारातून पाहिलं. ती डबा भरत होती. अक्काने मला हाताने 'जा' अशी खूण केली. तिचे डोळे भरले होते. माझेही. रडायची जिची पाळी होती, तिला वेळ नव्हता.

जळगावहून मी रेल्वेने परतलो. गाडीला गर्दी होती, पण बसायला जागा मिळाली. पाचोऱ्याला गाडी थांबली तेव्हा समोरच्या बाई मला म्हणाल्या, "भाऊ, हात दुखत असंल ना?" मी पाहिलं तर माझा हात बाकाच्या कडेवर आडवा धरलेला होता, कोणी पडू नये तसा. मी तो मांडीवर घेतला. पण जागेवर बसवेना. उरलेला बराचसा प्रवास मी दाराजवळ उभ्याने केला.

घरी सुलभा डाव्या कुशीवर पडून दाराकडेच बघत होती. "रडली का?"

'हो' म्हणावं की 'नाही', हे माझं वाटेत ठरलं नव्हतं. "नाही," मी म्हणालो. "'जा' म्हणाली."

सुलभा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग तिने उशीत तोंड खुपसलं. मी तिला वाळू सांगितली, कापूस सांगितला, बिबडे सांगितले. पाण्यामागे ती बागभर चालली, हेही सांगितलं. फक्त विहीर वगळली. ती मला बाळ झाल्यानंतर सांगायची होती, आणि पुढे ती सांगितलीही.

मुलगा झाला. दोघंही सुखरूप राहिले. श्रावण सरता सरता मी असोद्याला जाऊन मनूला घेऊन आलो. तेव्हा मात्र ती रडली, अक्काचा पदर सोडेना. "मले नाही यायचं," असं स्पष्ट म्हणाली. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

लोक मला खानदेशबद्दल विचारतात. मी काय सांगणार? मनूच्या पुढ्यात हातभर जमीन होती, तेवढा खानदेश मी पाहिला. पण तो इतका निरखून पाहिला की त्यातली मुंगीसुद्धा मला आठवते. पोरीवर नजर ठेवणं आणि पोर काय बघतेय ते बघणं ही दोन कामं वेगळी आहेत, हे मला त्या बागेत समजलं. पहिलं काम अजून सुटलेलं नाही. दुसरं थोडं जमायला लागलं आहे.

घरी पोचल्यावर मनूने आईला लांबून पाहिलं, मग जवळ जाऊन पाहिलं. पाळण्यातल्या भावाच्या पोटाला बोट लावून पाहिलं. मग ती दोन्ही खोल्या फिरून आली, गॅलरीच्या गजांतून खाली वाकली, परत आली आणि आम्हा दोघांपुढे उभी राहिली.

"इथी माती कोठी हाये?"

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. दोन मजले खाली फरशी होती आणि फरशीपुढे डांबरी रस्ता.

"चल," मी म्हणालो, "शोधू."

मी अजून हातपायही धुतले नव्हते. तिचं बोट धरलं आणि जिना उतरायला लागलो.